अवकाशात आवाज नसतो, मग तिथे ऑर्केस्ट्रा काय करतो?

सा. प. वरचा सा.

तीनच सूर, तेही सावकाश, एकामागून एक, ट्रम्पेटवर. स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा १९६८ सालचा चित्रपट या तीन सुरांवर उघडतो. पडद्यावर चंद्राच्या कडेमागून पृथ्वी वर येते, पृथ्वीच्या मागून सूर्य. माणूस नाही, संवाद नाही, गोष्ट अजून सुरूच झालेली नाही. तरी थिएटरात बसलेला माणूस खुर्चीत सरळ होतो. समोर काहीतरी फार मोठं घडतंय हे त्याला कळलेलं असतं, आणि ते त्याला कानांनी सांगितलेलं असतं.

हे सूर आपल्याला परके नाहीत. तानपुरा लावतात तो याच नात्यावर. पंचमाची कंपनं षड्जाच्या दीडपट, वरच्या षड्जाची दुप्पट. एखादी तार छेडली की तिच्या मूळ सुराच्या पोटातच हे नातं ऐकू येतं. त्यामुळे हे सूर कुणी बसून रचलेले वाटत नाहीत, आधीपासून असलेले वाटतात. रिखार्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराने ही रचना १८९६ साली केली तेव्हा अंतराळयान फक्त कादंबऱ्यांत होतं. चित्रपटासाठी तर ती नव्हतीच.

आता जरा जवळून ऐकू. ट्रम्पेटच्याही आधी एक खर्ज सुरू झालेला असतो. डबल बास, कॉन्ट्राबसून हे लाकडी सुषिरवाद्य आणि ऑर्गन मिळून तो धरून ठेवतात. तो इतका खालचा असतो की कानाआधी छातीला लागतो. त्यावर सा, प, सा येतात. या तिन्हींत गंधार नाही, आणि पाश्चात्य संगीतात सूरसमूह हसरा की गंभीर हे गंधारच ठरवतो. मग सगळा वाद्यवृंद एकदम उठतो, शुद्ध गंधार घेतो, उजेड पडल्यासारखं वाटतं. आणि पुढच्याच क्षणी तो गंधार कोमल होतो. उजेडावर सावली. टिंपनी हे मोठे नगारे सा-प, सा-प असे घाव घालत सुटतात. पुन्हा तेच तीन सूर, पण या वेळी आधी कोमल गंधार आणि मग शुद्ध. तिसऱ्या वेळी मात्र शुद्ध गंधार टिकतो आणि संगीत वर चढत जातं.

म्हणजे दोन मिनिटांत, एकही शब्द न वापरता, प्रश्न मांडून झाला: हे जे उगवतंय ते शुभ की अशुभ? पुढचा अख्खा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे.

डोळ्याला न कळणाऱ्या गोष्टी

सायन्स फिक्शनची अडचण इतर चित्रपटांपेक्षा वेगळी असते. पडद्यावर घर दिसलं, पाऊस दिसला, रेल्वे दिसली, तर तिचं वजन, वेग, आवाज हे सगळं आपल्याला अनुभवाने ठाऊक असतं. पण एक किलोमीटर लांबीचं यान? ते आपण कधीच पाहिलेलं नाही. शिवाय अवकाशात आकाराचा अंदाज यायला शेजारी झाड नसतं, माणूस नसतो. काळ्या पडद्यावर एक करडी वस्तू सरकते. ती मुठीत मावेल एवढी आहे की शहराएवढी, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

१९७७ सालच्या पहिल्या 'स्टार वॉर्स'चं सुरुवातीचं दृश्य आठवा. एक अवाढव्य युद्धयान आपल्या डोक्यावरून जातं, जातच राहतं, संपत नाही. त्या यानाचं मॉडेल जेमतेम ३ फुटांचं होतं. कॅमेऱ्याची करामत थोर होती यात शंकाच नाही. पण कानाकडे लक्ष द्या. पिवळी अक्षरं वर निघून गेल्यावर जॉन विल्यम्सचं संगीत एकदम विरळ होतं. उरतो फक्त पिकोलो या छोट्या बासरीचा बारीक, उंच आवाज. तारे, शांतता. मग खालून तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं भरत येतात, आवाज जाड होतो, आणि यान दिसतं तेव्हा ऑर्केस्ट्रा आपलं पूर्ण वजन टाकतो. बारीक आणि उंच याच्या लगेच पुढे जाड आणि खालचं. या दोन टोकांमधलं अंतर हेच त्या यानाचं माप. ३ फुटांचं मॉडेल कानाने किलोमीटरभर लांब केलं.

हे ऑर्केस्ट्रालाच का जमतं? यामागे साधं ध्वनिशास्त्र आहे. मोठ्या वस्तू खालचे आवाज काढतात, लहान वस्तू वरचे. हा धडा आपल्या मेंदूने लहानपणीच गिरवलेला असतो. डबल बास आणि ट्युबा वाजले की शरीर आधी मोठं काहीतरी गृहीत धरतं, विचार मागून येतो. दुसरी गोष्ट संख्येची. एक व्हायोलिन आणि सोळा व्हायोलिनं यांत फरक फक्त आवाज वाढण्याचा नाही. सोळा जण एकच सूर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो, प्रत्येकाचं बोट वेगळ्या लयीत हलतं. त्या बारीक फरकांमुळे सूर रेषेसारखा न राहता पट्ट्यासारखा पसरतो. एक माणूस बोलतोय आणि जमाव बोलतोय, यातला फरक कान ओळखतो ना, तसंच हे.

तिसरी गोष्ट पितळी वाद्यांची. ट्रॉम्बोन किंवा फ्रेंच हॉर्न हळू वाजवला तर मऊ, गोल वाटतो. जोरात फुंकला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. वरचे उपसूर जागे होतात आणि आवाज धारदार, जळजळीत होतो. म्हणूनच टीव्हीचा आवाज कमी ठेवला तरी 'हे जिवाच्या आकांताने वाजवलंय' हे आपल्याला कळतं. वादकाची फुप्फुसं, ओठ, श्रम त्या आवाजात मुरलेले असतात. धातूच्या यानाच्या चित्राखाली माणसाचा श्वास ऐकू येतो, आणि माझ्या मते सायन्स फिक्शनला ऑर्केस्ट्रा लागतो तो याचसाठी.

परक्या चित्राला ओळखीचा सूर

सत्तरच्या दशकात भविष्य दाखवायचं तर संगीतही भविष्यातलं हवं, म्हणजे यंत्रांचं, इलेक्ट्रॉनिक हवं, असा विचार सहज सुचणारा होता. 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक जॉर्ज लुकासने उलटा रस्ता धरला. त्याच्या पडद्यावर दोन सूर्य होते, केसाळ सहवैमानिक होता, बोलणारे यंत्रमानव होते. सगळंच नवं. त्यात संगीतही अनोळखी असतं तर प्रेक्षकाला पाय ठेवायला जागाच उरली नसती. म्हणून त्याला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संगीताच्या वळणाचं, भावना थेट सांगणारं संगीत हवं होतं. विल्यम्सने ते लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. मुख्य धून आठवत असेल तर गुणगुणून बघा. तिची पहिली मोठी उडी सा वरून प वर आहे. पुन्हा तेच नातं.

या चित्रपटांत विल्यम्सने वापरलेली युक्ती जुनी आहे. रिखार्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराने आपल्या संगीतनाटकांत ती पराकोटीला नेली होती. तिला लाइटमोटिफ म्हणतात. एखाद्या पात्राला, वस्तूला किंवा कल्पनेला एक छोटी धून नेमून द्यायची. ती धून पुन्हा वाजली की पात्र पडद्यावर नसलं तरी मनात हजर होतं. यात नुसती खूण पटवण्यापेक्षा जास्त ताकद आहे. धून तीच ठेवून वाद्य बदलता येतं, लय बदलता येते, गंधार बदलता येतो. आणि प्रत्येक बदलाबरोबर आपल्याला त्या पात्राविषयी काहीतरी नवीन कळतं.

पहिल्या चित्रपटातला तो सूर्यास्त घ्या. एक तरुण घराबाहेर येऊन दोन मावळत्या सूर्यांकडे बघतो. बोलत काहीच नाही. एकटा फ्रेंच हॉर्न एक उदास, वर चढू बघणारी धून घेतो, मग ती तंतुवाद्यांच्या हाती जाते आणि भरून येते. हॉर्न हे मुळात शिकारीचं, रानावनात लांबवर हाक पोचवण्याचं वाद्य. शतकानुशतकं तसं वापरल्यामुळे त्याच्या आवाजात 'दूर' हा अर्थ साचलेला आहे. ज्याला इथून दूर जायचंय त्याच्या मनातलं दुसऱ्या कुठल्या वाद्याने इतकं नेमकं सांगितलं असतं? त्या पोराच्या तोंडी 'मला इथे राहायचं नाही' असं वाक्य घातलं असतं तर दृश्य मेलं असतं.

दुसरं उदाहरण याच मालिकेतल्या खलनायकाचं, डार्थ व्हेडरचं. त्याची कूचधून १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटात पहिल्यांदा आली. सा सा सा, मंद्र कोमल धैवत, कोमल गंधार, सा. ऐकताना सैन्य चालून येतंय असं वाटतं. लय पक्की असते, पण खालचा स्वरसमूह असा सरकतो की त्यातले काही सूर मूळ सप्तकात बसतच नाहीत. पावलं शिस्तीत आणि जमीन हललेली. १९८३ सालच्या तिसऱ्या चित्रपटात हाच व्हेडर आपल्या मुलासमोर मरतो. तेव्हा हीच धून येते, पण ट्रॉम्बोन नाहीत, नगारे नाहीत. हळू आवाजात, तुटक, आणि शेवटचे सूर हार्पच्या तारांवर. भीती वाटायची ती गोष्ट इतकी नाजूक होऊन समोर येते की माणूस गलबलून जातो. क्रूर साम्राज्याच्या सेनापतीसाठी आपल्या डोळ्यांत पाणी आणलं ते सहा सुरांनी, वाद्य बदलून.

परकं वाटायला लावणं

पण प्रत्येक सायन्स फिक्शनला आपलेपणा नको असतो. कित्येकदा नेमकं उलटं हवं असतं: इथलं काहीच आपलं नाही, ही भावना.

पन्नाशीच्या दशकात यासाठी हुकमी वाद्य होतं थेरेमिन. त्याला स्पर्शच करायचा नाही. दोन अँटेना असतात. एका हाताच्या अंतराने सूर ठरतो, दुसऱ्याच्या अंतराने आवाजाची पातळी. सुरांना पायऱ्या नाहीत, सगळी घसरण. माणसाच्या गळ्यासारखा, पण श्वास न घेणारा आवाज. १९५१ साली 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'साठी संगीतकार बर्नार्ड हरमनने दोन थेरेमिन घेतले, जोडीला पितळी वाद्यं, ऑर्गन, विजेवर चालणारं व्हायोलिन, आणि नेहमीचा तंतुवाद्यांचा ताफा चक्क वगळला. ऑर्केस्ट्रातली सगळ्यात मायाळू वाद्यं काढून टाकली की जे उरतं ते थंड असतं. काय वाजतंय याच्याइतकंच काय वाजत नाही यालाही महत्त्व असतं, ते असं. पाच वर्षांनी 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने पूर्ण चित्रपटच इलेक्ट्रॉनिक आवाजांवर नेला. ते आवाज इतके वेगळे होते की श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्दसुद्धा वापरला गेला नाही.

मला मात्र जास्त थक्क करतो तो तिसरा मार्ग: ओळखीचीच वाद्यं घ्यायची आणि त्यांची ओळख पुसायची.

कुब्रिकच्या चित्रपटात एक गूढ काळा दगडी खांब दिसतो तेव्हा ग्यॉर्गी लिगेटी या हंगेरियन संगीतकाराचं संगीत ऐकू येतं. माणसांचेच गळे, पण प्रत्येक गळा वेगळा सूर धरून, स्वतःच्या गतीने सरकणारा. एकेक आवाज वेगळा काढता येत नाही. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर एकेक माशी ऐकू येते का? तसं. धून नाही, ताल नाही, कुठे थांबायचं ते ठिकाण नाही. लिगेटीची 'अ‍ॅटमॉस्फियर्स' ही १९६१ सालची ऑर्केस्ट्रासाठीची रचनाही याच चित्रपटात आहे, आणि तिच्यात सप्तकातले जवळजवळ सगळे सूर एकाच वेळी, खालपासून वरपर्यंत, हळुवार वाजत राहतात. आपला कान सवयीने षड्ज शोधतो. तो सापडत नाही. सापडत नाही म्हणून पोटात कालवाकालव होते. पृथ्वीवरचा आधार सुटल्याची जाणीव इतक्या सरळ मार्गाने दुसरं काही देऊ शकेल असं मला वाटत नाही.

संगीतकार जेरी गोल्डस्मिथ या बाबतीत उस्ताद. १९६८च्याच 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये त्याने स्वयंपाकाचे स्टीलचे वाडगे वाजवले, मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग फुंकायला लावलं, ब्राझीलचं कुईका हे चामड्याचं वाद्य माकडांच्या आवाजासाठी वापरलं. १९७९ सालच्या 'एलियन'मध्ये त्याने शंख वापरला. हो, शंखच. पूजेत ज्याने मंगल वाटतं तोच आवाज निर्मनुष्य यानाच्या बोळांत घुमला की अंगावर शहारा येतो. तिथे तो कशासाठी वाजतोय हे कळत नाही ना, म्हणून. आवाजाचा अर्थ त्याच्या जागेवर किती अवलंबून असतो याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

आणि एका चित्रपटात तर संगीत हेच पात्र आहे. स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये (१९७७) परग्रहवासीयांशी बोलण्याची भाषा म्हणजे पाच सूर: रे, ग, सा, मग खालच्या सप्तकातला सा, आणि शेवटी त्याच सप्तकातला प. विल्यम्सला धून थोडी लांब हवी होती, स्पिलबर्ग पाचावर ठाम होता. ती पूर्ण गाण्यासारखी वाटायला नको होती, नमस्कारासारखी वाटायला हवी होती. शेकडो पर्याय लिहून त्यांतून ही धून निवडली. ती 'सा'वर संपत नाही हे बघा. 'प'वर येऊन थांबते, म्हणजे वाक्य अर्धवट राहतं आणि उत्तराची वाट बघतं. शेवटी यान उत्तर देतं तेव्हा त्याचा आवाज आहे ट्युबाचा, ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात अवजड पितळी वाद्याचा. त्या दणक्याने एक काचही फुटते. पुढचा संवाद ओबो या बारीक आवाजाच्या सुषिरवाद्यात आणि ट्युबात होतो. वटवृक्षाएवढं कुणीतरी खाली वाकून लेकराशी बोलावं, तसं ते ऐकू येतं.

जिथे हवाच नाही

आता मथळ्यातला प्रश्न. ध्वनी पोचायला माध्यम लागतं. अवकाशाच्या पोकळीत स्फोट झाला तर तो शेजारून बघणाऱ्यालाही ऐकू येणार नाही. बहुतेक चित्रपट हे सोयीस्करपणे विसरतात. २०१३ सालच्या 'ग्रॅव्हिटी'ने ते लक्षात ठेवलं. तिथे उपग्रहाचे तुकडे यानावर आदळतात आणि धडामधुडुम काही ऐकू येत नाही. अंतराळवीराच्या हाताला, पोशाखाला जी थरथर पोचते तेवढीच. मग आदळणं जाणवायचं कसं? ते काम संगीतकार स्टीव्हन प्राइसवर आलं. नेहमीच्या मारधाडीच्या संगीतात ढोल-नगारे असतात. इथे ते नाहीत, कारण एखादा ठोका ऐकला की तो आदळण्याचाच आवाज आहे असं प्रेक्षकाला वाटलं असतं. त्याऐवजी तंतुवाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांची लाट फुगत जाते, असह्य होते आणि कात्रीने कापावी तशी तुटते. पुढे निखळ शांतता. ती शांतता कानठळ्या बसवते. संगीताने ती आधी कमावलेली असते म्हणूनच.

कुब्रिकने तर अवकाशाला नाचवलं होतं. फिरतं अंतराळस्थानक, त्याच्याकडे निघालेलं यान, आणि मागे योहान श्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' (हा श्ट्राउस वेगळा, व्हिएन्नाचा, दोघांचं नातं काही नाही). वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा, गिरक्या घेत करायचा नाच. पहिल्या मात्रेवर जोर, पुढच्या दोन हलक्या, तरंगत्या. गुरुत्वाकर्षण नसलेल्या ठिकाणची हालचाल नेमकी अशी असते: एकदा ढकललं की पुढे सगळं तरंगणं. तांत्रिक काम होतं ते प्रणयासारखं दिसायला लागतं.

आणि २०१४ सालचा 'इंटरस्टेलर'. ख्रिस्तोफर नोलनने हान्स झिमरला चित्रपट कशाविषयी आहे ते न सांगता एक पानभर मजकूर दिला. त्यात अवकाश नव्हतं, बाप आणि त्याचं मूल होतं. झिमरने त्यावर सुरुवातीची धून केली आणि मग ऑर्केस्ट्राच्या मध्यभागी चर्चचा पाइप ऑर्गन आणून बसवला. लंडनच्या टेंपल चर्चमधला तो ऑर्गन १९२०च्या दशकात बनलेला आहे. अवकाशाच्या गोष्टीला ऑर्गन का? एक तर त्यात हवा भरावी लागते, म्हणजे तो श्वास घेतो, आणि अवकाशात माणसाला सगळ्यात मोलाची वस्तू तीच. दुसरं म्हणजे खोली. मोठ्या ऑर्गनची ३२ फुटी नळी सेकंदाला साधारण १६ कंपनं करते. हे ऐकू येण्याच्या सीमेच्याही खाली आहे. तो सूर ऐकू येत नाही, थिएटरची खुर्ची थरथरते तेव्हा कळतो.

याच चित्रपटात एक पाण्याचा ग्रह आहे. तिथला १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. तिथे उतरल्यावर संगीतात टिकटिक सुरू होते. हिशेब करून बघा: ७ वर्षांचे साधारण २,५५७ दिवस, १ तासाचे ३,६०० सेकंद, भागाकार येतो सुमारे १.४ सेकंद. जवळपास त्याच गतीने ती टिकटिक पडते. म्हणजे प्रत्येक ठोक्याला घरी एक दिवस मावळतो आणि मुलगी एका दिवसाने मोठी होते. सापेक्षतावादाचं समीकरण न कळणाऱ्यालाही ते दृश्य बघताना घाई सुटते, कारण काळ तिथे कानावर आपटत असतो.

या चित्रपटाबद्दल एक तक्रारही करायला हवी. काही ठिकाणी संगीत इतकं चढं आहे की संवाद बुडतात, आणि मला ते दरवेळी योग्य वाटलेलं नाही. त्याहून जास्त खटकतं ते नंतर आलेलं अनुकरण. एक लांब खर्ज, मध्येच पितळी वाद्यांचा एकच भला मोठा हुंकार, पुन्हा खर्ज. कितीतरी चित्रपटांचं संगीत एवढ्यावर भागतं. भव्यता वाटते, पण घरी जाताना ओठांवर एक सूरही येत नाही. ज्याला शांततेची, बारीक आवाजाची सोबत नाही तो मोठा आवाज थोड्या वेळाने मोठा वाटेनासा होतो.

हे सगळं बसवतात कसं

चित्रपटाचं संकलन बरंचसं उरकलं की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून तो बघतात आणि कुठे संगीत येईल, कुठे अजिबात नको, हे ठरवतात. मग हिशेब सुरू होतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली तर बरोबर १२ चौकटींना एक ठोका पडतो. दार कोणत्या चौकटीला उघडतं, यान कोणत्या चौकटीला वळतं, त्यावरून मात्रा मोजून संगीत लिहिलं जातं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानात टिकटिक चालू असते, समोर पडदा असतो.

यात एक धोका असतो. संकलन चालू असताना रिकामं वाटू नये म्हणून दुसरीकडचं तयार संगीत तात्पुरतं लावतात, आणि महिनोन्महिने ते ऐकून दिग्दर्शक त्याच्याच प्रेमात पडतो. '२००१'चं तेच झालं. अ‍ॅलेक्स नॉर्थ या नावाजलेल्या संगीतकाराकडून कुब्रिकने खास संगीत करून घेतलं होतं, ते ऑर्केस्ट्राकडून वाजवून मुद्रितही झालं होतं. पण शेवटी ठेवलं ते तात्पुरतं लावलेलंच. नॉर्थला हे चित्रपट बघायला बसल्यावर कळलं. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की तो षड्ज-पंचम ऐकताना आजही मला किंचित अपराधी वाटतं. नॉर्थच्या निधनानंतर, १९९३ साली, ते संगीत नव्याने मुद्रित होऊन बाहेर आलं. ऑर्केस्ट्रासमोर उभा होता त्याचा मित्र, शंखवाला जेरी गोल्डस्मिथ.

कधी मात्र उलटंही घडतं. १९८२ सालच्या 'ई.टी.'चा शेवट म्हणजे सायकलींचा पाठलाग, उड्डाण आणि निरोप, सलग पंधराएक मिनिटं. विल्यम्स ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून एकेक जागा चित्राशी जुळवू बघत होता. जागा जुळल्या तर सुरांतला जीव जायचा, सूर मोकळे सोडले तर जागा चुकायच्या. पुन्हा घेतलं, पुन्हा बिघडलं. तेव्हा स्पिलबर्गने पडद्यावरचा चित्रपट बंद करायला सांगितला. मैफलीत वाजवतोस तसं वाजव, बाकीचं मी बघतो, अशा अर्थाचं तो म्हणाला. पडदा कोरा झाला. विल्यम्सने श्वास घेतला तिथे ऑर्केस्ट्राने श्वास घेतला, निरोपाच्या जागी तो रेंगाळला, वाढवावंसं वाटलं तिथे वाढवलं. मग ते मुद्रण घेऊन स्पिलबर्ग संकलनाच्या टेबलाशी गेला आणि त्याने चित्रपटाचा शेवट पुन्हा कापला, त्या सुरांवर.